आटे गेलेला पेच

पेच हा शब्द फारसीतून आला. पीळ असा त्याचा अर्थ. मराठीनं तो घेतला आणि त्याला दोन कामांना लावलं. एक पेच लोखंडाचा, जो फिरवून घट्ट करतात. दुसरा माणसाच्या आयुष्यातला, ज्यातून वाट सापडत नाही. मला दोन्हींबद्दल बोलायचं आहे, पण सुरुवात लोखंडाच्या पेचापासून. कारण आपल्या अंकांतून दुसऱ्या पेचावर फार लिहिलं जातं आणि पहिल्यावर कोणी लिहीत नाही. जणू हातानं काम करणाऱ्या माणसाला विचार करायचा असेल तर त्यानं आधी हात धुऊन यावं.

तर प्रश्न असा आहे. जुन्या रेडिओचा, टेपचा, अ‍ॅम्प्लिफायरचा पेच धरत नाही. पेचकस लावला की नुसता फिरतो, घट्ट होत नाही, सैलही होत नाही. पुस्तकातली मराठी म्हणते, आटे झिजले. आमच्या वर्धेकडचा मिस्त्री म्हणतो, चुडी मेली. मला मिस्त्रीचा शब्द जास्त खरा वाटतो, कारण झिजलेल्याला अजून थोडी आशा असते. या मेलेल्या आट्याचं काय करायचं? वस्तू फेकायची? चिकटवायची? की नवा आटा पाडायचा? यातली कोणती दुरुस्ती प्रामाणिक आणि कोणती फसवी? आणि एखादी गोष्ट दुरुस्त करू नये, टाकूनच द्यावी, हे ओळखायचं कशावरून?

हा प्रश्न विचारणाऱ्याला आधी आटा म्हणजे काय ते माहीत पाहिजे. आटा म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला चढ. घाटातला रस्ता वळसे घेत वर जातो तसा. तीन मिलीमीटर जाडीचा साधा पेच घ्या. एक वेढा पूर्ण फिरला की तो अर्धा मिलीमीटर आत जातो. पेचाचे आटे आणि भोकातले आटे एकमेकांत बसतात आणि एकमेकांना ओढून धरतात. एकटा पेच काहीच धरत नाही, एकटं भोकही नाही. पण भार सगळ्या आट्यांवर सारखा पडत नाही. पेचाच्या डोक्याकडून पहिला गुंतलेला जो आटा, तो सगळ्यांत जास्त भार उचलतो. दुसरा त्याहून कमी. शेवटचे आटे जवळपास बसून खातात. म्हणून पहिला आटा आधी मरतो. मग सगळा भार दुसऱ्याच्या डोक्यावर, तो गेला की तिसऱ्याच्या. अशी रांगेनं माणसं मरताना आपण पाहिली आहेत.

पेच बहुतेक वेळा पोलादाचा असतो. भोक मात्र अ‍ॅल्युमिनियमचं, पातळ पत्र्याचं नाही तर प्लास्टिकचं. दोघांच्या भांडणात मऊ असतो तो मरतो. म्हणजे खराब होतं ते भोक. पण लोक काय करतात? पेच काढून पाहतात, तो फेकतात आणि दुकानातून तसाच नवा आणतात. नवाही फिरतो. मग दुकानदाराला शिव्या. दोष भोकात आणि बदली पेचाची, हा न्याय आपल्याला कचेऱ्यांतून, शाळांतून, पंचायतींतून चांगला ओळखीचा आहे.

आटा मरण्याची कारणंही ठरलेली आहेत. गरजेपेक्षा जास्त जोर. वाकडा सुरू केलेला पेच. वर्षानुवर्षांची उघडझाप. आणि चुकीचं माप. या शेवटच्या कारणाबद्दल थोडं सांगतो. जुन्या ब्रिटिश घडणीच्या रेडिओंत बी.ए. नावाच्या मापाचे पेच असायचे. त्यातला सहा नंबरचा पेच २.८ मिलीमीटर जाड, एका वेढ्याला ०.५३ मिलीमीटर पुढं जाणारा. आज बाजारात मिळतो तो मेट्रिक मापाचा, ३ मिलीमीटर जाड, वेढ्याला ०.५ जाणारा. हातात घेतले तर सख्खे भाऊ वाटतात. पण एकाच्या आट्याचा कोन साडेसत्तेचाळीस अंशांचा, दुसऱ्याचा साठ अंशांचा. सहा नंबरच्या भोकात तीनचा पेच जरासा शिरतो आणि अडतो. तिथं जोर लावला की तो आतला जुना आटा कापत जातो. त्या दिवशी घट्ट बसतो. पुढच्या वेळी उघडला की आतून चुऱ्यासारखी धातू गळते.

आपल्या देशात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला. बाजारातून जुनी मापं हळूहळू गेली. पण घरातल्या फळीवर ठेवलेल्या रेडिओच्या पोटात ती तशीच राहिली. कायदा झाला म्हणून जुनं भोक आपोआप बदलत नाही. १९५० साली संविधान लागू झालं आणि सतराव्या कलमानं अस्पृश्यता संपवली. कलम खरं आहे. पण गावागावातली भोकं त्या मापाची करण्याचं काम कोणीतरी हातानं करावं लागतं, आणि ते अजून संपलेलं नाही.

आता दुरुस्तीकडं येतो. मेलेल्या आट्यावर लोक जे इलाज करतात ते मी पुष्कळ बाकांवर पाहिले. त्यांचे प्रकार पाडले तर चार पडतात.

पहिला प्रकार दामटण्याचा. भोकात सुताचा तुकडा, तांब्याच्या वायरचा केस, सिगरेटच्या पाकिटातली चांदी घालायची आणि वरून तोच पेच कोंबायचा. जुन्या लाकडी कॅबिनेटमध्ये काडीपेटीची काडी आणि फेव्हिकॉल चालतं, कारण लाकूड लाकडाला धरतं. धातूत असं काही होत नाही. चार दिवस निघतात. मेलेल्या आट्याकडूनच काम करून घ्यायचं, फक्त जरा जास्त दाबून, एवढाच याचा अर्थ.

दुसरा प्रकार चिकटवण्याचा. फेव्हिक्विक टाकलं, पेच बसवला, संपलं. दिसायला हा सगळ्यांत साफ. हलत नाही, वाजत नाही. पण आता ती वस्तू उघडत नाही. पुढं आत काही जळलं तर पेटी फोडावी लागते. हा इलाज करणारा माणूस म्हणतो, माझ्यापुरतं भागलं. माझ्यानंतर जो येईल त्याचं त्यानं पाहावं.

तिसरा प्रकार आडवाटेचा. भोक खोल असेल आणि खालचे आटे न वापरलेले असतील तर थोडा लांब पेच घालायचा. जे शेवटचे आटे आजवर बसून होते त्यांना कामाला लावायचं. हा इलाज चांगला आहे, पण आधी भोकाची खोली मोजली पाहिजे. नाही तर लांब पेच खाली जाऊन एखाद्या वायरीला किंवा पट्टीला टोचतो.

चौथा प्रकार नव्यानं आटा पाडण्याचा. यात मेलेली धातू आधी काढून टाकावी लागते. तीनचं भोक ३.३ च्या ड्रिलनं साफ करायचं आणि त्यात चार मिलीमीटरचा टॅप फिरवायचा. अर्धा वेढा पुढं, पाव वेढा मागं, म्हणजे कापलेला चुरा तुटून पडतो. अ‍ॅल्युमिनियम असेल तर दोन थेंब रॉकेल. पेच जुन्याच मापाचा ठेवायचा असेल तर भोक थोडं मोठं करून, नवे आटे पाडून पोलादी तारेची गुंडाळी आत बसवतात, तिच्या आतल्या बाजूला जुन्याच मापाचे आटे मिळतात. मऊ धातूला अशी पोलादी कूस मिळाली की ती पहिल्यापेक्षा मजबूत होते. प्लास्टिकमध्ये पितळेची छोटी नळी सोल्डरिंग आयर्ननं तापवून बसवता येते. आणि पत्रा अगदीच पातळ असेल तर आटा पाडायच्या भानगडीत पडायचं नाही. एक मिलीमीटरच्या पत्र्यात चारच्या पेचाचा जेमतेम दीड आटा बसतो. तिथं पेच आरपार घालून मागून नट आणि वायसर लावायचा.

हे चार प्रकार मी मोजून सांगतो आहे, कारण आमच्या वस्तीतल्या विहाराच्या अ‍ॅम्प्लिफायरनं ते मला एकाच दिवशी दाखवले. चौदा एप्रिल, बुद्धपौर्णिमा, अशोक विजयादशमी, या सगळ्या दिवसांचा आवाज त्या पेटीतून निघतो. वामनदादांची गाणी त्यातूनच वाजतात आणि शाळेतली पोरंपोरी त्यातूनच भाषण करायला शिकतात. पेटी जुनी आहे, वर्गणीतून घेतलेली. बोलता बोलता आवाज फाटायला लागला म्हणून मिस्त्रीकडं नेली. वरचं झाकण काढलं तर आत एक पेच फेव्हिक्विकनं चिकटवलेला. कोणी चिकटवला ते माहीत नाही आणि विचारून उपयोग नव्हता. त्या पेचाखाली अर्थिंगच्या वायरचं टोक होतं.

इथं सगळी गोष्ट आहे. प्लगमधून येणारी तिसरी वायर पत्र्याच्या पेटीला जोडलेली असते ती याच्यासाठी, की आत कुठं करंट पेटीला लागला तर तो माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत जावा. ती वायर पेटीला धरून ठेवतो एक पेच. पेचाचा आटा मेला. चिकटवणाऱ्यानं वायरच्या टोकाखाली गोंद सोडला. गोंदातून करंट जात नाही. म्हणजे वायर जागेवर, पेच जागेवर, सगळं घट्ट, आणि जोड मात्र तुटलेला. बाहेरून पाहणाऱ्याला पेटी पहिल्यापेक्षा नीट दिसत होती. माइक लोखंडी. धरणारी आठवीतली पोरगी. त्या वर्षात आत करंट सुटला नाही म्हणून काही झालं नाही. आपल्या वस्त्यांमध्ये पुष्कळ गोष्टी अशाच, न झाल्यामुळं धकून गेलेल्या असतात.

मी पेचकस घेऊन तो पेच फिरवायला गेलो तर मिस्त्री म्हणाले, "बापू, काहून जोर लावून राह्यला? ज्याच्यात जीवच नाई त्याच्यावर जोर लावून काय भेटते?"

मी म्हटलं, "काकाजी, मग करायचं काय?"

"पयले मेलेलं काढा लागते. मंग नवं बसते. लोक मेलेल्यावरच बसवतात, म्हणून टिकत नाई."

त्यांनी प्लग काढून ठेवलेलाच होता, तरी आतले मोठे कपॅसिटर बल्ब लावून रिकामे केले. प्लग काढल्यावरही त्यांच्यात मारण्याइतका करंट बसून असतो. मग गोंद फोडला, पत्र्याचा रंग खरवडून चकचकीत धातू उघडी केली, पेच आरपार घातला, मागून दातेरी वायसर आणि नट. हीटसिंकला चेसिसवर धरणारा दुसरा पेचही फिरत होता. तिथं जाड अ‍ॅल्युमिनियम होतं, तर तीनचा चार केला. टॅपला ग्रीस लावलं आणि सर्किटवर ओलसर फडकं टाकलं, कारण अ‍ॅल्युमिनियमचा चुरा लोहचुंबकाला चिकटत नाही. आत पडला तर शोधता येत नाही आणि दोन तारांमध्ये बसला तर जाळतो. शेवटी मीटरचं एक टोक प्लगच्या जाड पिनेला, दुसरं पेटीला. काटा शून्याकडं गेला तेव्हा म्हणाले, "आता जुळलं."

घट्ट दिसणं वेगळं आणि जुळलेलं असणं वेगळं. ते मीटर लावूनच कळतं, डोळ्यानं कळत नाही.

हे ऐकून माझा एक कवीमित्र भडकला. तो म्हणतो, तू दुरुस्तीचं कौतुक करतोस म्हणजे तू सुधारणावादी झालास. दुरुस्ती म्हणजे तडजोड. ज्या व्यवस्थेनं आपल्याला चिरडलं तिचे पेच आपण आवळत बसायचे का? फेकून द्या. मोडून टाका. नवं आणा.

त्याचा राग मला परका नाही. पण त्याच्या वाक्यात दोन गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत, आणि त्या सोडवायला वर्धा जिल्ह्याइतकी चांगली जागा नाही.

१९३६ साली एप्रिलच्या अखेरीस गांधी वर्धेजवळच्या शेगावला राहायला गेले. त्याच गावाचं नाव १९४० साली सेवाग्राम झालं. ते शेगावात बस्तान बसवत होते त्याच मे महिन्यात मुंबईत बाबासाहेबांनी एक पुस्तक स्वतःच्या खर्चानं छापलं. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाच्या परिषदेसाठी लिहिलेलं ते भाषण. मंडळाला ते पेललं नाही, परिषदच रद्द झाली, तेव्हा न झालेलं भाषण त्यांनी पुस्तक करून लोकांपुढं ठेवलं. जुलैमध्ये गांधींनी 'हरिजन'मधून त्याला उत्तर दिलं. जात वाईट, पण वर्ण वेगळा, असा त्यांचा मुद्दा होता. प्रत्येकानं बापजाद्यांचं काम करून पोट भरावं, आणि ब्राह्मणाचं काम असो की भंग्याचं, दोन्हींची किंमत देवापुढं सारखी. बाबासाहेबांनी १९३७ च्या आवृत्तीत त्यालाही उत्तर दिलं.

गांधी खोटं बोलत होते असं मी म्हणत नाही. आश्रमात ते स्वतः संडास साफ करायचे, इतरांनाही करायला लावायचे. प्रश्न त्यांच्या मनाचा नाही, इलाजाचा आहे. मिस्त्रीच्या बाकावर ठेवून पाहिलं तर त्यांचा इलाज पहिल्या प्रकारात जातो. भोक तेच. बापजाद्यांनी पाडलेलं. त्यात प्रेमाचं, सन्मानाचं सूत घालायचं आणि पेच पुन्हा त्याच भोकात आवळायचा. भार पुन्हा पहिल्याच आट्यावर. बाबासाहेब म्हणत होते की जातीनं कामं वाटली एवढंच नाही, तिनं काम करणारी माणसंच खणाखणांत बंद करून टाकली; आणि त्या बंदिस्तीला ग्रंथांचा आधार आहे, तोवर वरून कितीही आवळा, धरणार नाही. मेलेलं आधी काढा. ही चौथ्या प्रकारची भाषा आहे.

वर्धेतलंच दुसरं उदाहरण. १९२८ साली जमनालाल बजाजांनी लक्ष्मीनारायणाचं देऊळ अस्पृश्यांना खुलं केलं. त्या काळात हे मोठं धाडस होतं आणि त्यासाठी त्यांनी आपल्या माणसांचा रोष घेतला. पण दार उघडलं, ग्रंथ उघडला नाही. आपण आत जाऊ शकलो. आपल्याला बाहेर का ठेवलं होतं ते ज्या पानावर लिहिलं होतं, त्या पानाला हात लागला नाही.

आणि त्याच १९२८ सालची गिरणीची गोष्ट. मी गिरणीत आहे म्हणून ती मला जास्त लागते. इंग्रजीत आट्यालाही थ्रेड म्हणतात आणि सुतालाही. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना सूतकताईत काम मिळे, विणाई खात्यात मिळत नसे, आणि पगार विणाईत जास्त. कारण काय? धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा सवर्ण कामगार कसा तोंडाला लावणार? १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढं ठेवला, की मालकाशी भांडताना कामगारांतली ही भिंतही मागण्यांत घ्या. एका भोकातून एक थ्रेड जातो, तिथंसुद्धा जात आधी जाऊन बसलेली. कामगार एकजुटीचा जो पेच लाल बावट्याखाली आवळला जात होता त्याचा आटा इथं मेलेला होता. वरून घट्ट दिसत होता. मीटर लावणारा एक माणूस निघाला, तर लोक त्याच्यावरच चिडले की तू जोड का तोडतोस.

मग मित्राच्या प्रश्नाला उत्तर काय? दुरुस्त करायचं की फेकायचं?

बाबासाहेबांनी दोन्ही केलं. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली. तिची दुरुस्ती केली नाही, तिच्यातले चार श्लोक गाळून सुधारलेली प्रत काढली नाही. आणि पुढं वीस-बावीस वर्षांनी देशाचं संविधान लिहिण्याचं काम हातात आलं तेव्हा त्यात ३६८ वं कलम ठेवलं. हे पुस्तक कसं उघडायचं, कसं बदलायचं, ते पुस्तकातच लिहून ठेवलं. लागू होऊन दीड वर्षही झालं नव्हतं तेव्हा, १९५१ साली, ते कायदामंत्री असतानाच पहिली दुरुस्ती झाली. मद्रासच्या प्रवेशाच्या खटल्यात न्यायालयाच्या निकालानं मागासांच्या राखीव जागांचा आटा सैल केला होता. त्या दुरुस्तीनं पंधराव्या कलमात चौथा उपभाग घालून तो पुन्हा पाडला. आजवर शंभराहून जास्त दुरुस्त्या झाल्या.

म्हणून माझी कसोटी अशी ठरली आहे. जी वस्तू उघडता येते ती दुरुस्त करावी. जी उघडूच देत नाही ती फेकावी. जो ग्रंथ म्हणतो की मला माणसानं लिहिलं नाही, म्हणून माणसानं मला हात लावू नये, तो आतून बाहेरून फेव्हिक्विकनं भरलेला आहे. त्याला पेच नाही, भोक नाही, मिस्त्रीला शिरायला जागा नाही. तो फोडावाच लागतो. पेच हा बनवणाऱ्यानं दिलेला शब्द असतो: माझं चुकलं असेल तर उघडून पाहा. जन्मावर ठरलेली जात हा शब्द कधीच देत नाही.

यात धोका आहे, तोही सांगतो. जे उघडता येतं ते बिघडवताही येतं. पेचकस कोणाच्याही हातात जाऊ शकतो, आणि वाकडा पेच आवळणारे हात आपण पाहिले आहेत. पण त्यावरचा उपाय पेच बुजवणं हा नाही. हातांवर लक्ष ठेवणं आणि आपल्या पोरांना पेचकस धरायला शिकवणं, हा आहे.

दुसरा धोका कौतुकाचा. आमच्या इकडं सेवाग्रामला लांबून लोक येतात, बापूकुटी पाहतात, साधेपणानं भारावतात. भारावू द्या. पण जुन्या वस्तू जपून दुरुस्त करून वापरणं हा साधेपणा तेव्हाच, जेव्हा नवी घेणं खिशात असतं आणि तरी माणूस घेत नाही. आमच्या घरांत दुरुस्ती ही निवड नव्हती. फेकायला काही असावं लागतं. बाप फाटका सदरा शिवून घालतो ते तत्त्वज्ञान म्हणून नाही. त्यामुळं दुरुस्तीला मी पवित्र करणार नाही. पवित्र केलं की तीही बापजाद्यांचं काम होऊन बसते. रेडिओ दुरुस्तीचा मला आवडणारा गुण तर हाच, की मनूच्या काळी रेडिओ नव्हता, म्हणून या कामाला कोणत्या जातीचा हक्क लिहायचा राहून गेला. आमचे मिस्त्री ते काम कोणाच्या पोटी जन्मून शिकले नाहीत. एका दुकानात झाडू मारता मारता पाहून शिकले.

आता तर पैसेवाल्यांनाही निवड राहिली नाही. हातातला मोबाइल गोंदानं बंद केलेला येतो. काही पेच असे येतात की त्यांना बाजारातला पेचकस लागत नाही. सगळ्या जगात लोक म्हणू लागले की घेतलेली वस्तू उघडायचा हक्क आम्हाला पाहिजे. आपल्या सरकारनंही २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. चांगलं आहे. फक्त मला हसू येतं. विकत घेतलेली पेटी उघडता येत नाही म्हणून आज जे अस्वस्थ आहेत, त्यांना जन्मानं मिळालेली पेटी न उघडणाऱ्यांची अस्वस्थता आता तरी कळावी.

एक शंका राहते. इतकं बदलल्यावर वस्तू तीच राहते का? आरपार पेच, नवा नट, तीनचा चार झालेला आटा, उद्या नवा ट्रान्सफॉर्मर. मग हा वर्गणीतून घेतलेला अ‍ॅम्प्लिफायर तोच का? आपल्याकडं हा प्रश्न फार पूर्वी मिलिंद राजा आणि भदन्त नागसेन यांच्यात निघाला. नागसेनानं राजाला त्याच्या रथाबद्दल विचारलं. चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? एकेक सुटा भाग घेतला तर रथ कुठंच सापडेना. जुळणीलाच रथ म्हणतात. १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादला काढलेल्या कॉलेजला मिलिंदाचं नाव मिळालं आणि त्या आवाराला नागसेनाचं, याचं कारण मला इथं लागतं. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा दोघंही जिथं एका जागी बसतात ती खरी शाळा. जे कायमचं, न बदलणारं, आत्म्यासारखं काही आहे असं मानतात त्यांना दुरुस्ती म्हणजे बाटणं वाटतं. ज्यांना सगळं जुळणीचं आहे हे माहीत आहे त्यांना जुळणी बदलायची भीती नसते. आम्हीही १९५६ साली नागपूरला जुळणी बदलली. माणसं तीच होती. भार कोणावर आणि कशाच्या आधारानं, ते बदललं.

हा दाखला किती ओढायचा यालाही हद्द आहे. माणूस पेच नाही. पेचाला दुखत नाही, आणि कोणत्या भोकात बसायचं ते पेच ठरवत नाही. समाजाला यंत्र म्हणणारे शेवटी आपल्यालाच वायसर करून टाकतात. पूर्वी समाजाला शरीर म्हणायचे, तेव्हा आपल्या वाट्याला पायही आले नव्हते. म्हणून माणसाचा पेच करू नका. मिस्त्री व्हा.

आणि मिस्त्री झालात तर एक लहान गोष्ट करा. प्लास्टिकच्या टेपचा पेच परत लावताना आधी उलटा फिरवा. एका जागी टक् असं होतं. तिथं जुन्या आट्याचं तोंड असतं. तिथून हलक्या हातानं सुलटा आवळा, म्हणजे पेच नवी वाट कापत नाही, आहे त्या आट्यात उतरतो आणि आटा आणखी वर्षानुवर्षं टिकतो. जे जिवंत आहे ते मारायचं नाही. जे मेलं आहे त्यावर बांधायचं नाही. दोन्ही कळायला बोटांना कान लागतात.

आमच्या मिस्त्रींनी झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलं: अर्थिंग आरपार, चारचा पेच, आणि खाली तारीख. नाव नाही लिहिलं. मी विचारलं तर म्हणाले, "नावाचं काय काम? पुढचा उघडंन त्याले समजलं पायजे."

तो पुढचा कोण असेल ते आपल्याला माहीत नाही. त्याच्यासाठी पेटी उघडी राहील अशी दुरुस्ती करायची, आणि काय केलं ते आत लिहून ठेवायचं.